उन्हात ठेवलेलं पिवळं पाणी

ओव्हाळ मॅडम दूधवाल्याशी भांडायच्या. भावावरून नाही, दुधात पाणी घातलं म्हणूनही नाही. त्यांचं भांडण उन्हावरून असायचं. भोरच्या बाजारपेठेतला सखाराम डेअरीवाला सकाळी दुधाच्या पिशव्यांचे क्रेट दुकानाबाहेर फळीवर मांडून ठेवी. मॅडम कॉलेजला येता येता थांबत, पर्स खांद्यावर मागे टाकून स्वतः दोन क्रेट उचलत आणि आत सावलीत नेऊन ठेवत. "सखाराम, दुधातलं बी-टू जीवनसत्त्व ऊन पिऊन टाकतंय. गिऱ्हाइकाला काय देणार तू?" सखाराम म्हणे, "मॅडम, दूध नासलं तर बोला." मॅडम वळल्या की तो क्रेट परत बाहेर आणून ठेवी. हे वर्षानुवर्षं चाललं आणि दोघांपैकी कुणीही दमलं नाही.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मी सारोळ्याचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गटांगळी खाल्ली म्हणून परीक्षानळ्या धुवायचं काम मिळालं असं माझे मित्र म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. मॅडम जीवरसायनशास्त्र शिकवायला आल्या त्या दिवशी मी त्यांच्यासाठी खुर्ची चांगली पुसून ठेवली होती. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दत्ताभाऊ, ही ग्रंथालयात देऊन या. तिथं बसणारी माणसं असतात." पुढची अठरा वर्षं प्रयोगशाळेत मी त्यांना बसलेलं पाहिलं नाही. चहा उभ्यानं. पेपर तपासणं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. फोनवर बोलत असल्या की त्याच वेळी दुसऱ्या हातानं कपाट लावत. पायाला भिंगरी आहे असं लोक म्हणायचे. पण भिंगरी कधीतरी थांबते. माझं तर त्यांच्याकडे बघून डोकं दुखायचं. एकदा मी धीर करून म्हटलं, "मॅडम, जरा टेका की." त्या म्हणाल्या, "टेकलं की माणूस कामं उद्यावर टाकतो. आणि उद्या काय, तुमच्या एसटीसारखा. आला तर आला."

माणूस घाईचा, पण शिकवणं घाईचं नव्हतं. फ्लेविन हा त्यांचा जीव की प्राण असलेला विषय. बी-टू जीवनसत्त्वापासून शरीर जी पिवळी द्रव्यं बनवतं, त्यांना फ्लेविन म्हणतात, एवढं तर मलाही कळलं होतं. ती द्रव्यं एन्झाइमांच्या कुशीत बसून काय करतात, ते मॅडमनी सांगितल्यावर कळलं. "चुलीत लाकूड जळतं तसं शरीरात अन्न भसाभसा जळत नाही," त्या सांगत. "तसं जळलं तर आपण शिल्लकच राहणार नाही. इथं सगळं हातोहात जातं. स्लॅब टाकताना बायकांची रांग असते बघा. एकीनं घमेलं घेतलं, दुसरीला दिलं, तिनं तिसरीला. फ्लेविन म्हणजे रांगेतली पिवळ्या हातांची बाई. घेते आणि देऊन टाकते. तिनं घमेलं धरून ठेवलं की काम थांबलं." मग क्षणभर फळ्याकडे बघत म्हणत, "माझी आई त्या रांगेत असायची. पुण्यात, बांधकामावर. म्हणून मला हे प्रकरण पुस्तकातल्यापेक्षा लवकर समजलं." त्या कामथडीच्या. आईच्या घमेल्यावर एवढं शिकलेली बाई आपल्या पिढीत आपणच, हे त्या अभिमानानं सांगत आणि लगेच विषय बदलत.

दर वर्षी ऑगस्टनंतर ऊन पडू लागलं की त्यांचा लाडका प्रयोग असे. बी-टूचं पिवळं द्रावण दोन नळ्यांत घ्यायचं. एका नळीभोवती काळा कागद गुंडाळायचा, दुसरी उघडीच खिडकीत ठेवायची. कागद गुंडाळण्याचं काम माझं. तास संपता संपता दोन्ही नळ्या शेजारी धरल्या की पोरं पुढं सरकून बघत. कागदातली नळी पिवळीजर्द आणि उन्हातली पार फिकी. "जे आपल्याला जगवतं ते ऊन याला मारतं," मॅडम म्हणत. "हे परीक्षेत येवो न येवो, डोक्यात राहू द्या."

अश्विनी रेणुसे त्यांच्या वर्गात आली ती वेल्ह्याच्या पुढून, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून. वसतिगृहात राहायची. आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, आणि ही पोरगी जिन्यात दोनदा थांबायची. वर आली की ओट्याला टेकायची. ब्युरेट स्टँडला लावायला हात खांद्याच्या वर जाईना. बाकीचे शिक्षक म्हणत, डोंगरातली पोरगी आणि जिना चढवत नाही, नाटकं आहेत. मीही मनातून तेच म्हणत होतो, हे कबूल करतो. मॅडम मात्र फेऱ्या मारता मारता तिच्यापाशी थांबू लागल्या. त्या कुणापाशी थांबत नसत, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

नवरात्रात पोरीनं घरच्या रीतीप्रमाणे उपास धरले. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी ती प्रयोगशाळेत खाली बसली ती उठेना. मान धरवत नव्हती. कुणी म्हणालं पित्त आहे, कुणी म्हणालं देवीचं आहे. मॅडमनी कुणाचं ऐकून घेतलं नाही. "उपासात शरीर चरबी वापरतं," एवढंच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि हिची चरबी वापरली जात नसेल तर?" मला काही कळलं नाही. तासाभरात गाडी ठरवून त्या पोरीला घेऊन पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात गेल्यासुद्धा.

तपासण्यांना कित्येक आठवडे लागले. त्या सगळ्या आठवड्यांत मॅडमचे दोन दिवस भोरमध्ये तर तिसरा पुण्यात. इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांच्या येरझाऱ्या बघून रखवालदार म्हणाला, "बाई, बसा की, आमाला गरगरतंय." शेवटी डॉक्टरांनी निदान सांगितलं. चरबीपासून ताकद काढणाऱ्या एन्झाइमांची रांग आहे, त्या रांगेतून पुढं माल नेणारं एक फ्लेविनचं एन्झाइम पोरीच्या अंगात जन्मापासून कच्चं होतं. दुर्मीळ आजार, पण यातल्या काही रोग्यांना बी-टूच्या मोठ्या मात्रेनं गुण येतो. गोळ्या सुरू केल्या. मॅडमनी पोरीच्या बापाला घमेल्याची रांग समजावून सांगितली. रेणुसे ऐकून म्हणाले, "म्हंजी रांगंतली बाई कच्ची हाय, तिला खुराक द्यायचा." मॅडम म्हणाल्या, "माझ्या एम.एस्सी.च्या पोरांना एवढं नेमकं सांगता येत नाही."

आणि गुण आला. दिवाळीनंतर महिन्याभरात अश्विनी जिना एका दमात चढून वर आली आणि दारात उभी राहून नुसती हसली. मॅडमनी तिला "ब्युरेट लाव" म्हणून सांगितलं. तिनं लावली. मॅडम खिडकीकडे गेल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. त्यांना रडायला वेळ मिळाला तो तेवढाच.

संक्रांतीला पोरगी घरी गेली. तिथं तापली, घसा धरला, आणि ताप उतरला तरी गिळताना त्रास होऊ लागला. तिच्या आईचा फोन आला तेव्हा मॅडम आणि मी भोरच्या स्टँडवर होतो. पुण्याची गाडी लागत होती, मॅडमना काचसामानाच्या दुकानात जायचं होतं, त्यांच्या हातात यादी होती. आईचा आवाज एवढा मोठा की मला शेजारी सगळं ऐकू येत होतं. "मॅडम, पोरीला गोळी गिळवंना. घशात अडकती, ठसका लागतोय. काय करू?" मॅडम गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या, "कुटून पाण्यात कालवा आणि थोडं थोडं करून दिवसभर पाजा. बंद करू नका मात्र. डॉक्टरांना मी विचारते." गाडी सुटली. डोंगरात जाते तशी फोनची रेंज गेली. आणि डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं.

पंधरा दिवसांनी रेणुश्यांचा फोन आला. पोरीची मान पुन्हा पडली होती. हात ताटापासून तोंडापर्यंत जात नव्हता. "उद्या पुन्याला न्हेतो, मॅडम. पर गावात म्हनत्यात, अवशिदाचा गुण सपला. आता काय हुनार न्हाई." मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "गाडी काढा."

माझी मोटारसायकल, मागे मॅडम. कापूरहोळ, नसरापूर, मग वेल्ह्याचा रस्ता. त्या मागे सारख्या हलत होत्या, माझ्या पाठीवर बोटांनी काहीतरी मोजत होत्या. "मात्रा तीच आहे. गोळी तीच आहे. मग बदललं काय?" विंझर मागे पडलं तरी हेच चाललं होतं. वेल्ह्यात चहा घेऊ म्हटलं तर म्हणाल्या, "तुम्ही परत येताना दोन घ्या."

वाडीत पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. घरासमोर शेणानं सारवलेला ओटा. ओट्यावर, भर उन्हात, सरबताची काचेची मोठी बाटली. त्यातलं पाणी जवळजवळ नितळ. मॅडम गाडीवरून उतरल्या आणि दार, माणसं, आतली पोरगी सगळं सोडून त्या बाटलीपाशी गेल्या. बाटली उचलून उजेडात धरली. मलाही तेव्हाच कळलं.

"हे काय आहे, ताई?" त्यांनी विचारलं. आवाज एवढा हळू मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

अश्विनीची आई पदर खोचत बाहेर आली. "अवशद हाय की, मॅडम. तुमी सांगितल्यापरमानं. सकाळचं कुटती, पान्यात कालवती. रवा घशाला लागतोय म्हून फडक्यानं गाळून घेती. मंग हितं ठिवती. थंड पानी तिला सोसत न्हाई ना. आन उन्हात मुरतं बी. सकाळी पिवळंधमक असतंय, दुपारपातूर पिवळेपना जातो. म्या म्हनलं, मुरलं. गुलकंद न्हाई का आपन उन्हात ठिवत?"

बी-टू पाण्यात मुळात थोडंच विरघळतं. जे विरघळलं नाही ते फडक्यात राहिलं आणि जे विरघळलं ते उन्हानं खाल्लं. पंधरा दिवस पोरगी कोमट पाणी पीत होती. मॅडमनी हे दोन वाक्यांत सांगितलं. सांगून होतंय न होतंय तोच दारातून अश्विनीच्या आजी बोलल्या, "म्या म्हनतच हुते. हिला लई श्यानपना. पोरीच्या तोंडचं अवशद उन्हात घातलं हिनं. पोटच्या पोरीला मारत हुती." रेणुसे खाली बघत होते. अश्विनीची आई बाटलीकडे बघत होती. "माजंच चुकलं व्हय, मॅडम?" तिनं विचारलं.

मॅडम आजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "आजी, सुनेला बोलू नका. चूक माझी आहे. याला ऊन लागू द्यायचं नाही, हे मी सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. दर वर्षी पोरांना शिकवते मी. यांना कुठून माहीत असणार? मी गाडी पकडायच्या नादात होते आणि नीट सांगितलं नाही."

"तुमी मोठ्या मनाच्या म्हून म्हनताय," आजी म्हणाल्या.

"मोठ्या मनाचं यात काही नाही. झालं ते सांगतेय."

मग तिथंच अंगणात त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. "मी तुम्हाला न विचारता औषध पाण्यातून द्यायला सांगितलं," त्या म्हणाल्या. डॉक्टर वयानं त्यांच्याहून लहान. त्यांनी मॅडमना जे झापलं ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही डॉक्टर आहात का, इथपासून सुरुवात होती. अख्ख्या भोरला झापणारी ही बाई ते सगळं ऐकत राहिली, मधे एकदाही बोलली नाही, शेवटी म्हणाली, "बरोबर आहे. आता पोरीला कसं आणू ते सांगा."

मी हेल्मेट हातात धरून गाडीपाशी उभा होतो. तोंडातून ब्र काढला नाही.

जीपनं पोरीला पुण्याला नेलं. नळीनं अन्न सुरू झालं, औषधही नळीनंच, झाकून ठेवलेलं. दहाव्या दिवशी तिनं मान उचलली. होळीनंतर ती घरी आली आणि जूनमध्ये पुन्हा आमच्या जिन्यावर दिसली. आज ती नसरापूरला रक्त-लघवी तपासणीच्या केंद्रात नोकरी करते आणि रोज गोळ्या घेते. उपास करायची तिला कायमची बंदी आहे. ती म्हणते, बाकी देवांची तेवढी एक कृपा झाली.

मॅडम बदलल्या का? चालणं काही सुटलं नाही. पण त्या वर्षापासून दोन नळ्यांच्या प्रयोगाआधी त्या पोरांना ही गोष्ट सांगू लागल्या. नाव अश्विनीचं नाही घ्यायच्या, आपलं घ्यायच्या. "मी सांगितलं नाही म्हणून एक पोरगी मरणाच्या दारात गेली," असं सरळ. पोरांना वाटे, मॅडम धडा पटावा म्हणून रचून सांगतात. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकायचो. दर वर्षी. एकदा वर्ग सुटल्यावर त्या मला म्हणाल्या, "चूक केली याचं मला एवढं नाही वाटत, दत्ताभाऊ. चुका होतात. पण त्या अंगणात माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, ते मनातून जात नाही." मी म्हटलं, "मॅडम, झालं गेलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागल्या.

निवृत्त होऊन त्या कामथडीला गेल्या आणि दोन वर्षांनी, शेताकडे जाताना, वाटेतच गेल्या. हृदयविकाराचा झटका. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरासमोरचा मांडव भरून माणसं आली होती. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. कुणी त्यांच्या हाताखाली शिकून कंपनीत लागला होता, कुणी मास्तर झाला होता. सखाराम डेअरीवालाही आला होता. तो नुसता हात जोडून बसला. मी शेवटच्या रांगेत होतो. शेजारी अश्विनीची आई येऊन बसली. अश्विनी पुढं बायकांना मदत करत होती.

ओव्हाळांच्या घरातल्या कुणीतरी तिला विचारलं, "ताई, तुम्ही मॅडमच्या कोण?"

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "लई उपकार हायती त्यांचे. म्या माज्या पोरीला मारत हुते. त्यांनी माजी चूक सोताच्या अंगावर घेतली, सासूच्या म्होरं. सासू मरेपातूर मला बोलत राहिल्या, पर त्या बाईनं कदी बोल लावला न्हाई. खोटं बोलली माज्यासाटी."

मी वळून तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं ही बाई असं समजून जगत होती की पोरीचा घात आपण केला आणि मॅडमनी दया म्हणून खोटं सांगितलं. आणि मॅडम गेल्या होत्या. हे खोटं नव्हतं, असं सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. पुढं कुणीतरी मॅडमना चूक कधी माहीतच नव्हती असं काहीतरी बोलत होतं. त्यांच्याच दारात, त्या गेल्याच्या दिवसांत, त्यांच्याबद्दल मी हे बोलावं का, हा विचार मी केला. फार वेळ नाही केला.

"वहिनी," मी म्हटलं, "त्या खोटं बोलल्या नाहीत. चूक त्यांचीच होती. तुमचा फोन आला तेव्हा मी भोरच्या स्टँडवर त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी तुम्हाला पाण्यात कालवायला सांगितलं, ऊन लावू नका हे सांगितलं नाही. मी कानांनी ऐकलंय. तुमची काही चूक नव्हती."

ती माझ्याकडे वळली. "खरं सांगताय?"

"खरं. आणि मलाही माहीत होतं. प्रयोगशाळेत ते औषध उन्हापासून झाकायचं कामच माझं होतं. मीही त्या स्टँडवर उभा राहून काही बोललो नाही. म्हणजे थोडी माझीही."

तिनं पदर तोंडाला लावला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मी पुढं बघत राहिलो. मग तिनं डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आज सासूबाई हितं असत्या, तर त्यांना बी सांगितलं असतं तुमी?"

मी "हो" म्हटलं. ती समाधानानं मान हलवून पुढं बघू लागली. तिला आठवलं नसेल. पण त्या दिवशी अंगणात सासूबाई माझ्यापासून चार हातांवर उभ्या होत्या.